गुरुजी, लिंक भरली का?

शिक्षकाला कशाचीही उणीव भासली तरी चालेल, प्रशिक्षणाची भासता कामा नये, असा आपल्याकडे चंगच बांधलेला दिसतो. शाळेचं छप्पर गळतंय? पाहू. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे? प्रस्ताव वर गेलाय. वीजबिल थकलंय? ग्रामपंचायतीला विचारा. प्रशिक्षणाचा आदेश मात्र संध्याकाळी साडेसातला व्हॉट्सॲपच्या गटावर अवतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शंभर टक्के उपस्थिती अनिवार्य असते. सरकारी कामाला वेळ लागतो म्हणणाऱ्यांनी हा वेग एकदा पाहावाच.

याला आधारही भक्कम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, तेही स्वतःच्या आवडीनुसार. यातले '५० तास' तालुक्यापर्यंत सुखरूप पोचले. 'आवडीनुसार' वाटेत कुठल्या स्टँडवर उतरलं, याचा तपास लागलेला नाही. त्यामुळे कोणाला काय आवडतं हे आता वरूनच कळवलं जातं. पहिलीच्या बाई, आठवीचे विज्ञानाचे सर आणि निवृत्तीला चार महिने उरलेले गुरुजी या तिघांना एकाच तारखेला, एकाच सभागृहात, एकच विषय आवडतो. एवढं एकमत विधानसभेत फक्त आमदारांच्या वेतनवाढीवर होतं.

हे ज्ञान थेट येत नाही, पायऱ्या उतरत येतं. आधी राज्याचे तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याचे करतात, जिल्ह्याचे तालुक्याचे सुलभक करतात आणि सुलभक शेवटी शिक्षकाला करतात. धरणातून पाणी सुटल्याची बातमी पेपरात येते, टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र पाटाची ओल येते, तसाच हा कारभार. वर दिवसभर रंगलेली चर्चा खाली एका स्लाइडवर मावते, आणि ती स्लाइडही मागच्या रांगेतून दिसत नाही.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा सोहळा पाहण्यासारखा असतो. दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प, प्रास्ताविक, मान्यवरांचं मनोगत. मान्यवर 'मला पुढे एक मीटिंग आहे' असं सांगून अर्धा तास बोलतात आणि निघतात. मग पूर्वचाचणी. मग मरगळ झटकण्यासाठी टाळ्यांचा खेळ, त्यात पन्नाशीतले मुख्याध्यापक पावसाचा आवाज काढतात. त्यानंतर मुख्य सत्र. पडद्यावर येतं, 'शिक्षकाने व्याख्यान टाळावे, विद्यार्थ्यांना बोलते करावे'. सुलभक हे वाक्य मोठ्याने वाचतात आणि व्याख्यान कसं टाळावं यावर पाऊण तास व्याख्यान देतात. मधे कोणी बोलतं झालंच तर 'प्लीज, शेवटी शंका घेऊ' असं सांगून त्याला गप्प केलं जातं.

जेवणानंतर गटकार्य. चार्ट पेपर येतो, स्केचपेन येतात, आणि ज्या बाईंचं अक्षर चांगलं त्यांच्यावर संपूर्ण गटाच्या वैचारिक विकासाची जबाबदारी पडते. बाकीचे चौघे रजा, बदली आणि वेतन फरकाच्या हप्त्यांवर सखोल विचारमंथन करतात. तक्त्यावर मधोमध एक वर्तुळ निघतं, त्यात 'मूल', आणि त्याच्याकडे चहूबाजूंनी बाण: शिक्षक, पालक, समाज, शासन. सादरीकरण होतं, टाळ्या पडतात, तक्ता धरून फोटो निघतो, आणि मग तो तक्ता गटसाधन केंद्राच्या कपाटावर, मागच्या वर्षीच्या वर्तुळांच्या सोबतीला जातो.

कधीतरी एखाद्या वाडीवरच्या बाई हात वर करतात. 'सर, आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत. पहिलीतल्या सहा पोरांना अजून घरची बोलीच येते. त्यांना वाचायला कुठून सुरुवात करू?' सभागृह एकदम शांत होतं, कारण दिवसभरातला हा पहिला शैक्षणिक प्रश्न असतो. सुलभक म्हणतात, 'खूपच छान प्रश्न मॅडम! टाळ्या!' टाळ्या पडतात. मग आभारप्रदर्शन होतं.

त्याच वेळी बाईंच्या शाळेत काय चाललेलं असतं? दुसरे गुरुजी चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसलेले असतात. चौथीची मुलगी पहिलीला पाढे म्हणून दाखवते, गुरुजी खिचडीच्या तांदळाची नोंद करतात, आणि पोरं बाईंची वाट पाहतात. बाई मात्र 'अध्ययनवेळेचा प्रभावी वापर' शिकत असतात.

ज्यांना सभागृह जवळचं नाही त्यांच्यासाठी मोबाइल आहे. २०१९ साली केंद्र सरकारचं 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षक-मुख्याध्यापकांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट होतं. पुढच्या वर्षी करोनामुळे ते 'दीक्षा' पोर्टलवर ऑनलाइन आलं, प्राथमिक गटासाठी १८ अभ्यासक्रम. तेव्हापासून महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत शिक्षणशास्त्र घुमू लागलं. ओट्यावर मोबाइल टेकवलेला, व्हिडिओ चालू, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. चाचणीची उत्तरं गटावर आधीच फिरत असतात: १-ब, २-ड, ३-वरील सर्व. मुलांनी कॉपी केली तर परीक्षाकेंद्रावर भरारी पथक येतं; इथे प्रमाणपत्र येतं. शिक्षकांनीही हात वर करून 'आम्ही काय करणार' म्हणू नये. सही करून बँकेचं काम उरकायला जाणारे, शेवटच्या रांगेत रील पाहणारे आणि भाच्याकडून कोर्स पूर्ण करून घेणारे आकाशातून पडलेले नाहीत.

पण प्रमाणपत्राची महती त्यांना कोणी शिकवली? बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीसनंतर निवडश्रेणी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. २०२२ साली हे प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा शिक्षकाकडून २००० रुपये शुल्क घेतलं गेलं. नोकरी देणाऱ्याने नोकरदाराला शिकवावं आणि त्याची फीही त्याच्याकडूनच घ्यावी, ही कल्पना अजून खासगी कंपन्यांनाही सुचलेली नाही. वर १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेची पाचहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावी. म्हणजे इतकी वर्षं इतकी प्रशिक्षणं घेतलेला माणूस मुळात शिक्षक आहे की नाही, हे अजून तपासायचंच आहे.

शिक्षकाने सतत शिकावं, यात वाद नाही. कोठारी आयोगाने साठच्या दशकातच सांगितलं होतं की सेवेच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिने शिक्षकाला शिकायला मिळावेत. आणि शिक्षक घडवायचे कसे, हे बघायला परदेश दौऱ्याचीही गरज नाही, डहाणूपर्यंतची लोकल पुरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर अंगणवाडी पाड्यावर गेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. शिकवायला शिकणाऱ्यांच्या समोर पोरं होती, धुळीतली, शेंबडी, खरीखुरी. पद्धत चुकली की ती पोरं उठून जात. याहून कडक उत्तरचाचणी कोणत्याही ॲपला जमलेली नाही.

आमच्याकडे मूल्यमापन पाच वाजता संपतं. हजेरीपत्रकावर सह्या, जिओ-टॅग फोटो, अभिप्रायाची लिंक. केंद्रप्रमुखांचा फोन येतो तो 'बाई, वर्गात काही बदललं का?' हे विचारायला नाही, 'लिंक भरली का?' हे विचारायला. कारण त्यांनाही वरून तोच फोन आलेला असतो. अभिप्रायात 'प्रशिक्षण अतिशय उपयुक्त होतं' हा पर्याय निवडला की प्रशिक्षण यशस्वी होतं. अहवाल वर जातो, वर सगळ्यांना समाधान वाटतं, आणि त्या समाधानातून पुढच्या प्रशिक्षणाची तारीख निघते.

तेव्हा साहेब, पुढचा आदेश काढण्याआधी एक करा. त्या वाडीवरच्या बाईंच्या खोलीत, फोटोग्राफर न आणता, शाळा सुटेपर्यंत बसा. सहा पोरांना वाचायला कसं शिकवायचं हे जिला येतं अशी एखादी अनुभवी शिक्षिका शेजारच्या केंद्रातही सापडेल. तिला आठवडाभर बाईंच्या सोबत द्या, महिन्याने पुन्हा पाठवा. सभागृहाचं भाडं, गुलाबपुष्पं आणि चार्ट पेपर वाचतील. नव्या शासन निर्णयाचीही गरज नाही. 'स्वतःच्या आवडीनुसार' हे शब्द धोरणात २०२० पासून छापलेले आहेत, फक्त कोणी ते पान उघडलेलं नाही.