स्पीड आणि टेम्पो

तंजावरकडे मुलांना गाणं शिकवताना 'फर्स्ट स्पीड', 'सेकंड स्पीड' असं सर्रास इंग्रजीत म्हणतात. 'कालम' हा घरचा तमिळ शब्द हाताशी असूनही! मायामाळवगौळ रागातली पहिलीच सरळी वरिसै, म्हणजे स्वरांचा सुरुवातीचा धडा, घ्या. मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट; पुढे थाप नि उलटा हात, पुन्हा थाप नि उलटा हात. झाला 8 मात्रांचा आदिताल. पहिल्या स्पीडला मात्रेमागे एक स्वर, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 4. सा पासून वरच्या सा पर्यंत चढून परत उतरायला आधी 16 मात्रा लागत, आता तेच काम 4 मात्रांत उरकायचं. पोरांच्या जिभा अडखळतात, पण हाताला घाई करायची परवानगी नाही. म्हणजे स्पीड चौपट, आणि टेम्पो तसूभरही हलत नाही!

तबला शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. दुगुन-चौगुन त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. पण आम्हा भजनी मंडळींचा जीव लय चढण्यात. टाळ सुरुवातीला सावकाश, मग जरा पुढे, आणि गजर रंगला की पखवाजी टाळकऱ्यांना ओढतोय की टाळकरी पखवाज्याला, ते एक पांडुरंगच जाणे. आमच्याकडे स्पीड आणि टेम्पो हातात हात घालून सुटतात.

तसा टेम्पो म्हटलं की आम्हाला लय आठवतच नाही. आठवतो तो विटा किंवा गणपती वाहणारा, घाटात मागच्या सगळ्यांना खोळंबवून ठेवणारा. इटालियनमध्ये या शब्दाचा साधा अर्थ काळ. म्हणजे तमिळ 'कालम'चा सख्खा भाऊच की! तरी क्लासात कालमचा स्पीड झाला. त्यात आणखी गंमत अशी, की आदितालातल्या त्या थाप-उलटा-हात जोडीचं नाव 'द्रुतम'. आपण द्रुत ऐकून सरसावून बसावं, तर समोरचा निवांतपणे हात पालथा-उताणा करतोय.

तिकडचा हा निवांत हात आणि आमची चढती लय एकदा भेटलीही आहेत. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांचं मराठी कीर्तन तंजावरात गाजलं. तंजावरच्याच कृष्ण भागवतरांनी त्याचा बाज उचलून आपली हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ कथेत जाऊन बसले, चिपळ्याही गेल्या. अभंग ऐन रंगात आल्यावर त्या चिपळ्यांना भागवतर कसे आवरत असतील, हे ऐकायला मी तिथे हवा होतो.