पॉटर की स्टार वॉर्स? निवाड्याची शास्त्रोक्त रीत

ऑरलँडोहून परतलेल्या माणसाची प्रश्नपत्रिका ठरलेली असते आणि तिच्यातला सक्तीचा प्रश्न एकच: हॅरी पॉटरचे चांगले की स्टार वॉर्सचे? मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांचीही यातून सुटका नाही. नातवंडांनी त्यांना दोन्हीकडे फिरवलेले असते आणि तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचा दाखला कोणीतरी द्यावाच लागतो. ‘दोन्ही आपापल्या परीने छान’ हे उत्तर सभ्य असले तरी बाद धरावे. निवाडा द्यायचा तर आधी पक्षकार नीट ओळखावेत. वादी युनिव्हर्सल: त्यांनी 18 जून 2010 रोजी ऑरलँडोत पॉटरचे हॉग्समीड गाव उघडले आणि 8 जुलै 2014 रोजी शेजारच्या पार्कात डायगॉन अ‍ॅली ही बाजारगल्ली. प्रतिवादी डिस्ने: 2012 मध्ये त्यांनी चार अब्ज डॉलरहून अधिक मोजून लुकासफिल्म विकत घेतली आणि 2019 मध्ये आधी कॅलिफोर्नियात, मग ऑरलँडोत ‘गॅलॅक्सीज एज’ ही प्रत्येकी चौदा एकरांची वसाहत उभारली. दोघांकडे पैसा भरपूर, कारागीर अव्वल, आणि दोघांचेही म्हणणे एकच, की पाहुणा पडद्यापलीकडे पाऊल टाकून थेट कथेत येतो. तपासायचे आहे ते हेच म्हणणे.

पहिला नियम असा, की निवाडा करताना राइड मोजू नयेत. हा नियम ऐकून बरेच जण बिथरतात, कारण त्यांची सारी तुलना राइडवरच उभी असते. पॉटरच्या किल्ल्यात कारखान्यातल्यासारखे यंत्रमानवी हात तुम्हाला बाकासकट उचलून फिरवतात. स्टार वॉर्सच्या ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’मध्ये तर एकाच राइडच्या पोटात चार राइड आहेत. अभियांत्रिकीचा सामना असता तर डिस्ने जिंकलीही असती. पण राइड काही मिनिटांत आटोपते आणि माणूस तिथे दिवसभर असतो. जून 2019 मध्ये हॅग्रिडच्या मोटरसायकलची राइड सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी रांग दहा तासांवर गेली होती. त्या दहा तासांत माणूस चालतो, ताटकळतो, काहीतरी पितो, काहीतरी विकत घेतो आणि स्वच्छतागृह शोधतो. थीम पार्कातले खरे आयुष्य ते हेच. म्हणून परीक्षकाने एकच प्रश्न विचारावा: चालणे, ताटकळणे, पिणे आणि विकत घेणे ही चार कामे करणाऱ्या माणसाला मूळ कथेत जागा आहे का? असेल तर पाहुणा कथेत आहे. नसेल तर तो कथेच्या देखाव्यासमोर उभा आहे, आणि मग तो देखावा कितीही महाग असला तरी फरक पडत नाही.

ही कसोटी आधी वादीला लावावी. हॅरी पॉटर जादूच्या जगात पहिले पाऊल टाकतो ते कशासाठी? खरेदीसाठी. तो बँकेतून पैसे काढतो, शाळेचा गणवेश शिवून घेतो, छडी घेतो. जून महिन्यात दप्तर-वह्यांच्या दुकानात उभ्या राहिलेल्या कुठल्याही पालकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पर्यटक डायगॉन अ‍ॅलीत नेमके हेच करतो. बाहेरून दिसते ती लंडनची एक रस्त्याकडेची दर्शनी बाजू. आतल्या गल्लीची पाटी कुठेच नाही, विटांच्या भिंतीमागून वाट आपणच हुडकायची. समोर गोब्लिनांची बँक, तिच्या छपरावर अधूनमधून आग ओकणारा ड्रॅगन, आणि शेजारच्या काउंटरवर डॉलर देऊन जादूच्या जगातल्या नोटा घ्यायची सोय. त्या नोटांवर त्याच गल्लीत खरेदी करता येते. ऑलिव्हँडरच्या दुकानात छडी घ्यावी. थोडे जास्त पैसे टाकले तर चालणारी छडी मिळते. रस्त्यात जमिनीवर बसवलेल्या पितळी चकतीवर उभे राहून ती सांगितल्याप्रमाणे फिरवली, की दुकानाच्या काचेमागची वस्तू हलू लागते. विकत घेतलेली वस्तू त्याच गल्लीत कामाला येते, हे बारकाईने टिपून ठेवावे.

परीक्षकाने पुढे स्वच्छतागृहात जावे. हा टप्पा चुकवू नये. हॉग्समीडच्या स्वच्छतागृहात मोनिंग मर्टल या भुताचे रडगाणे ऐकू येते. कथेत ती शाळेच्या स्वच्छतागृहातच राहते, तेव्हा निसर्गाच्या हाकेला ओ देणारा माणूसही इथे कथेबाहेर पडत नाही. लंडनच्या रस्त्यावर एक लाल टेलिफोन बूथ आहे. तिथे 62442 फिरवावा, जादू मंत्रालयाचा आवाज कानावर पडतो. तहान लागली तर या भागात कोक-पेप्सी मागू नये, ठेवतच नाहीत, बटरबीअर प्यावे. दोन गावांना जोडणारी हॉगवर्ट्स एक्स्प्रेस आहे, पण एक गाव एका पार्कात आणि दुसरे दुसऱ्या पार्कात असल्याने दोन्ही पार्कांचे तिकीट काढावे लागते. यात युनिव्हर्सलचा व्यापारी कावा आहेच. पण कथेतही गाडीला तिकीट लागतेच, म्हणून तक्रार करायला तोंड उरत नाही.

आता प्रतिवादी. स्टार वॉर्समधली माणसे लढतात, पळतात आणि आपला बाप कोण याचा शोध लावतात. रांगेत कोणी उभे राहत नाही. यावर जाणकार लगेच हात वर करतील: पहिल्या चित्रपटात ल्यूकचे काका वाळवंटात फेरीवाल्यांकडून जुने रोबो घेतात, ती खरेदी नव्हे काय? हरकत मान्य. पण त्या खरेदीतला एक रोबो चार पावले चालून तिथल्या तिथे धूर सोडतो, म्हणजे या विश्वाला गिऱ्हाइकाबद्दल काय वाटते तेही समजले. गिऱ्हाइकाला जागा करून देण्यासाठी डिस्नेला शेवटी नवा ग्रहच घडवावा लागला. त्याचे नाव बाटू, आणि तो चित्रपटात कुणी पाहिलेला नव्हता. काळही पक्का ठरवला: ‘द लास्ट जेडाय’नंतर आणि ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’च्या आधी. त्यामुळे डार्थ व्हेडर आणि हान सोलो हे दोघेही आधीच मेलेले. सेवक ‘ब्राइट सन्स’ म्हणून नमस्कार करतात. कोक मिळते, पण गोल बाटलीत आणि परग्रहाच्या लिपीत. ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने या बाटल्या हातबॉम्बसारख्या दिसतात म्हणून विमानात न्यायला मनाई केली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली. वेश इतका हुबेहूब वठला की सुरक्षारक्षकही फसले. पण बाटलीत होते ते कोकच.

छडीच्या शेजारी लाइटसेबर, म्हणजे स्टार वॉर्समधली प्रकाशाची तलवार, ठेवून पाहावा, म्हणजे दोन्ही बाजूंतला फरक डोळ्यांसमोर येतो. बाटूवर सावी नावाच्या माणसाची कार्यशाळा आहे. वरकरणी तो भंगारवाला, आतून जेडाय योद्ध्यांचा हितचिंतक. पाहुण्याने भंगार घ्यायला आल्याचे सोंग आणायचे, तुकडे निवडायचे, मंद उजेडात गंभीर चेहऱ्याने ते जोडायचे आणि 200 डॉलर द्यायचे. सुरुवातीचा भाव तेवढाच होता. सोहळा देखणा आहे, काही जणांचे डोळेही पाणावतात. पण बाहेर पडल्यावर त्या तलवारीचे करायचे काय? कोणाशी लढता येत नाही. ती फिरवून त्या गावातली एक खिडकीही हलत नाही. बाटूवरच्या मिलेनियम फाल्कन राइडचेही तेच: यान शंभर फुटांहून लांब, खरेखुरे उभे केलेले. आत सहा जणांची टोळी बसते: दोन पायलट, दोन तोफची, दोन इंजिनिअर. मागच्या दोघांच्या वाट्याला दुरुस्तीची बटणे दाबणे येते. आणि शेवटी होंडो नावाचा ठेकेदार यानाच्या नुकसानीचा हिशेब ऐकवतो. वीर होण्यासाठी आलेला माणूस कंत्राटी कामगार होऊन बाहेर पडतो.

आता अशी हरकत येईल, की मग ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ला सगळे डोक्यावर का घेतात? उत्तर या कसोटीच्याच बाजूने आहे. त्या राइडमधला सर्वांत गाजलेला क्षण कोणता? तुमचे यान पकडले जाते, दार उघडते आणि समोरच्या अवाढव्य दालनात पन्नास स्टॉर्मट्रूपर ओळीने उभे असतात. काळ्या गणवेशातले अधिकारी तुम्हाला दरडावतात, ओळीत उभे करतात, गटागटाने कोठडीकडे हाकलतात. थोडक्यात, तुम्ही कैदी आहात. थीम पार्कातल्या माणसाला दिवसभर जसे वागवतात तसेच इथेही वागवतात, फक्त इथे त्याला कथेचा आधार आहे. रांगेत उभे राहणे, खेकसून घेणे, पुढे काय होणार हे ठाऊक नसणे ही सगळी कामे आता भूमिकेतच बसतात. चौदा एकरांत पाहुणा जिथे मनापासून कथेत शिरतो, ती जागा त्याला नायक न मानणारी आहे.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. पॉटर जिंकतो तो पुस्तकांच्या प्रेमामुळे, गिऱ्हाइकाच्या जागेमुळे नव्हे. ज्यांनी लहानपणी ती पुस्तके पारायण केल्यासारखी वाचली, त्यांना विटांची भिंतही पवित्र वाटणारच. या हरकतीसाठी तिसरा साक्षीदार बोलवावा: 27 मे 2017 रोजी डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंगडममध्ये उघडलेला पँडोरा, ‘अवतार’ चित्रपटाचे जग. या चित्रपटाने तिकीटबारी लुटली, पण त्यातल्या चार पात्रांची नावे सांगा म्हटले तर भले भले खाली पाहतात. भक्तिभाव बेताचा, तरी पँडोरा लोकांना आवडला. कारण इथल्या कथेत युद्ध संपून एक पिढी लोटली आहे आणि ‘अल्फा सेंटॉरी एक्स्पेडिशन्स’ नावाची प्रवासी कंपनी पृथ्वीवरच्या लोकांना हे जग दाखवायला आणते. म्हणजे पर्यटकाची भूमिका पर्यटकाची! मान वर करून तरंगणारे डोंगर पाहणे, फोटो काढणे, टोपी विकत घेणे या गोष्टी सोंग न आणता करता येतात. भूमिका जुळली की प्रेम कमी असले तरी भागते, आणि भूमिका जुळली नाही तर स्टार वॉर्सवरचे आयुष्यभराचे प्रेमही माणसाला तिष्ठत ठेवते.

तिसरी हरकत स्वाभिमानाची: सामान्य माणसाला नायक व्हायचे नसते काय? असते, आणि डिस्नेने ते प्रामाणिकपणे करून पाहिले. 1 मार्च 2022 रोजी ऑरलँडोत ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ सुरू झाले. अंतराळयानाच्या थाटाचे हे शंभर खोल्यांचे हॉटेल. मुक्काम दोन रात्रींचा, दर दोन माणसांना 4,800 डॉलरच्या घरात. तिथे नटमंडळी प्रत्येक पाहुण्याशी बोलत, गुपिते सांगत, बाजू निवडायला लावत. जे गेले त्यांतले पुष्कळ जण भारावून परतले. पण सप्टेंबर 2023 अखेर ते बंद झाले. प्रत्येकाला नायक करायचे तर प्रत्येकामागे नट, संवाद आणि वेळ खर्च करावा लागतो, आणि तो खर्च तिकिटाच्या रकमेत उतरतो. दुकानदाराला मात्र हजारो गिऱ्हाइके झेपतात. म्हणून जमावाला दरडोई परवडणारी भूमिका गिऱ्हाइकाची, प्रवाशाची नाहीतर कैद्याची.

आता वादीच्या खोड्याही नोंदवाव्यात, नाहीतर निवाडा एकतर्फी ठरेल. हॉग्समीडच्या छपरांवर बर्फ गोठलेला आणि खाली फ्लोरिडाच्या उन्हात माणसे घामाघूम. कथेला शोभावे म्हणून दुकाने अरुंद ठेवली, त्यामुळे आतल्या गर्दीत छडी उगारायलाही जागा नाही. आणि हे सगळे शेवटी पैसे काढण्याचे धंदे आहेत, ही हरकत तर पूर्ण मान्य करावी. फरक एवढाच, की पॉटरच्या जगात पैसे काढून घेणे कथेत आधीपासून लिहिलेले होते, बाटूवर ते मागाहून घालावे लागले. 22 मे 2025 रोजी उघडलेल्या ‘एपिक युनिव्हर्स’ पार्कात तर युनिव्हर्सलने पाहुण्यांना थेट जादू मंत्रालयात, म्हणजे सरकारी कचेरीत, एका सुनावणीला नेले आहे. तिथे रांग का लागली हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून निकाल वादीच्या बाजूने द्यावा, मात्र शेरा मारून. डिस्नेने 2025 मध्ये जाहीर केले, की कॅलिफोर्नियातल्या बाटूवर 29 एप्रिल 2026 पासून ल्यूक, लेया, हान सोलो आणि डार्थ व्हेडर अवतरतील आणि चित्रपटांचे संगीतही वाजेल. ऑरलँडोतल्या बाटूवर कथेचा काळ पूर्वीचाच राहील. काटेकोर कालगणनेपुढे गर्दीची मागणी जिंकली. फेरतपासणीला जाणाऱ्याने तिथेही जुनीच कसोटी लावावी. ल्यूकसमोर उभे राहिल्यावर करण्यासारखे काय असते? फोटो. व्हेडरसमोर मात्र कथेतल्या प्रत्येक सामान्य माणसाचे काम ठरलेले आहे: मान खाली घालायची, सांगितले तिथे उभे राहायचे आणि आपली पाळी येऊ नये अशी प्रार्थना करायची. तेव्हा फोटो ल्यूकबरोबर काढावा आणि रांग व्हेडरच्या बाजूची धरावी.