साडेतीन किलोमीटरची मोठी सुट्टी

एप्रिल लागला की आमच्याकडे आंब्याच्या पेटीआधी एक्सेल उघडतं. डावीकडे ठिकाणं, वर खर्चाचे मथळे आणि तळाशी लाल रंगात एकूण. नवऱ्याचा या पत्रकावर भारी जीव. आम्ही दोघंही रोज भाईंदरहून लोकल पकडणारे, त्यामुळे सुट्टीची आमची व्याख्या साधी आहे. सकाळी उठून गाडी पकडायची नाही, की झाली सुट्टी. पण घरातल्या प्रत्येकाने तिला फाटे फोडले. थोरली सहा वर्षांची, तिला समुद्र हवा. धाकटा पावणेतीनचा, त्याला जेसीबी हवा. सासूबाईंना शेगाव हवं. नवऱ्याला तळाचा आकडा काळा हवा.

गोवा तर मार्चमध्येच हातचं गेलं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नवरा सकाळी आठच्या ठोक्याला दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप मांडून बसला होता. ओटीपी येईपर्यंत गाडी भरली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण बर्थही नाही, असा रेल्वेचा नियम आहे. नियम करणाऱ्याने आमच्या धाकट्याला झोपलेलं पाहिलेलं नसावं. तो आडवा झाला की तिकीट काढलेली माणसं कडेला टेकून रात्र काढतात.

मग माथेरान. तिथे मोटारींना बंदी आहे. हे वाचून निसर्गप्रेमी माणसाला बरं वाटतं, कडेवरच्या पोराच्या आईला वाटत नाही. लोणावळा नवऱ्यानेच खोडलं. म्हणाला, ‘‘शनिवारी घाटात अडकायला पैसे कशाला द्यायचे? काशिमिऱ्याला फुकट अडकता येतं.’’ राहिली जवळची गोराई. एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीतली मुलं घरी जायला तयार नसायची, पण ते २०२२ सालीच बंद झालं. शेजारच्या वॉटर किंगडमचं तिकीट पाहून आम्हीच घरी राहायला तयार झालो.

शेवटी नवऱ्याला रो-रो आठवली. भाईंदर ते वसई किल्ला अशी ही बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. आमच्या ऑफिसच्या वेळांशी तिचं काही देणंघेणं नाही, म्हणून आम्ही तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. रस्त्याने घोडबंदरचा वळसा घालून वसई अडतीस किलोमीटर, खाडीतून साडेतीन. मोठ्यांना तीस रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना पंधरा, त्याखाली फुकट. पत्रकात तळाशी जातानाचा आकडा आला एकशे पाच. नवऱ्याने तो तीन वेळा तपासला.

सासूबाईंना मात्र हिशेब पटला नाही. ‘‘लोकलने पाच रुपयांत वसई येते. तीस देऊन पाण्यातून कशाला?’’

‘‘आई, लोकलमधून जाण्याला सहल म्हणत नाहीत.’’

‘‘मग तुझी बायको रोज कुठे जाते?’’

यावर तो काय बोलणार? तिकिटं बोटीचीच काढायची ठरली.

तयारी मात्र अंतर बघून होत नाही, मुलं बघून होते. साडेतीन किलोमीटर असो की साडेतीनशे, धाकट्याचे कपडे तितकेच ओले होणार. त्यामुळे कपड्यांचे जोड, टोप्या, पुसायला जुनं धोतर, ओआरएसची पाकिटं आणि तो झोपताना ज्याचा कान ओढतो ते कापडी माकड, असं सगळं पिशवीत गेलं. ‘‘वाटेत भूक लागली तर’’ म्हणून सासूबाईंनी दशम्या, लसणाची चटणी आणि बटाट्याची कोरडी भाजी केली. वाट पंधरा-वीस मिनिटांची होती. शिवाय थर्मासमध्ये मेतकूट-भात, कारण धाकटा घराबाहेर दुसरं काही खात नाही. रिक्षावाल्याने आमचं सामान बघून विचारलं, ‘‘दादर टर्मिनसला जायचंय की बोरिवलीहून गाडी आहे?’’ नवरा पुटपुटला, ‘‘जेट्टी.’’

तिकिटाच्या खिडकीशी धाकट्याचं वय विचारलं. नवऱ्याने अभिमानाने सांगितलं, ‘‘तीन पूर्ण व्हायचीत अजून.’’ आयुष्यात पहिल्यांदा खरं वय सांगून सवलत मिळत होती. तेवढ्यात कडेवरून घोषणा झाली, ‘‘मी पाच वलशांचा आहे!’’ वर पाच बोटं. बहिणीपेक्षा लहान दिसणं त्याला मंजूर नसतं. मागची रांग हसली, खिडकीतला माणूसही हसला. शेवटी त्याने पोरगं आणि पिशवीतून डोकावणारं माकड दोन्ही बघून निवाडा दिला, ‘‘जाऊ दे पाच वर्षांच्या बाबाला फुकट.’’ बाबा मात्र तिकीट मिळालं नाही म्हणून रडू लागला.

त्याचा आवाज खणखणीत. सासूबाई माहेरच्या नाशिकच्या, त्या त्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात.

बोटीचा पुढचा फळा धाडकन खाली पडला आणि त्यावरून मोटारसायकली, रिक्षा, मग मोटारी आत शिरल्या. धाकट्याचं रडं तिथेच थांबलं. गाड्या पोटात घेणारी गाडी! जेसीबीचा विषय त्या दिवसापुरता मिटला. आम्ही वर जाऊन बसलो. दोन्ही काठांना तिवरं, वाऱ्याला चिखलाचा आणि मासळीचा वास. मागे रेल्वेचा पूल दिसत होता आणि त्यावरून विरार लोकल चालली होती. मुलांनी उभं राहून हात हलवले. गाडीत हात हलवायला जागा असती तर त्यांनीही हलवले असते. मी त्या गाडीकडे इतक्या शांतपणे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

‘‘आलं?’’ थोरली म्हणाली. वसई आलीसुद्धा. आम्ही मोठे वेळ वाचला म्हणून खूश, आणि ही दोघं फसवणूक झाल्यासारखी तोंडं करून बसलेली. प्रवास लवकर संपावा असं फक्त मोठ्यांना वाटतं, हे आमच्या पत्रकात कुठल्याच रकान्यात नव्हतं.

किल्ला जेट्टीला लागूनच. नवरा इतिहासाच्या तयारीने आला होता. दर्या दरवाजापाशी उभं राहून त्याने सुरुवात केली, ‘‘चिमाजीअप्पांनी १७३७ साली मोहीम काढली आणि १७३९च्या मे महिन्यात, म्हणजे अशाच उन्हात, हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. किल्ला पडेना तेव्हा अप्पा म्हणाले म्हणतात, निदान माझं डोकं तोफेत घालून आत टाका.’’

‘‘मग टाकलं?’’ थोरलीचे डोळे मोठे.

‘‘नाही, त्याआधी किल्ला पडला.’’

‘‘अरेरे,’’ ती म्हणाली आणि मुंग्यांची रांग बघायला बसली. एवढा शंभराहून जास्त एकरांचा किल्ला, पण मुलांनी त्यातली पाहण्याजोगी स्थळं स्वतः निवडली. मुंग्या, एक लंगडी शेळी, बुरुजाच्या सावलीतली पिल्लं, आणि एक गोल जिना, जिथे ‘‘खाली ये’’ हे मराठी वाक्य प्रत्येक आई एकाच सुरात म्हणते. पडक्या चर्चमध्ये एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. नवरीचा सात-आठ फुटी झगा कमानीखाली पसरला आणि धाकटा माकड घेऊन त्यावर जाऊन बसला. मी धावले. सासूबाई शांतपणे नवरीला म्हणाल्या, ‘‘काढून घ्या बाई आत्ताच. पुढच्या फोटोंत हे असंच मधे येतं.’’

झग्यावरून उचलल्याबद्दल धाकट्याने जो भोंगा लावला तो चर्चच्या भिंतींतून घुमून परत आला. सासूबाईंनी कौतुकाने मान डोलावली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईच्या विजयाचीच, पोर्तुगीज घडणीची. त्या म्हणाल्या, ‘‘चला, वसईची घंटा वसईला परत आली!’’

बाहेर एक काकू ताडगोळे विकत होत्या. कोयत्याचा एक घाव, काळ्याजांभळ्या फळाचं टोक उडालं, आणि आतल्या खाचेत अंगठा घालून त्यांनी पारदर्शक गोळा अखंड बाहेर काढला. एका फळात तीन. मुलं दोन, म्हणून तिसऱ्यावर भांडण जुंपणार तोच आजीने तो तोंडात टाकला आणि प्रश्न सोडवला. बाहेर दुसरं काही न खाणारा धाकटा हनुवटीवरून पाणी गाळत ताडगोळे संपवत होता. मेतकूट-भात मी खाल्ला. सासूबाईंनी वाळक्या पानात गुंडाळलेली सुकेळी घेतली. राजेळी केळी सुकवून होणारा हा खाऊ वसईची खासियत, त्यामुळे परगावाहून काहीतरी आणल्याचं समाधान झालं.

परतीच्या बोटीत दोघं गाढ झोपली. रात्री नवऱ्याने सगळा खर्च पत्रकात भरला. तळाचा आकडा काळा आला, पण ‘हॉटेल’चा रकाना रिकामा बघून त्याला चुकल्यासारखं झालं. मग त्याने तिथे ‘दशम्या’ असं लिहिलं.

प्रश्न उरला लोकांचा. भाईंदरचा माणूस वसईला एक तर नातेवाइकाकडे जातो किंवा फ्लॅट बघायला. सहलीला गेलो म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच, ‘‘यंदा कुठे जाऊन आलात?’’ मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात थोरली म्हणाली, ‘‘आम्ही बोटीने पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर गेलो होतो.’’

‘‘अगो बाई, पोर्तुगाल? व्हिसा लगेच मिळाला?’’

‘‘व्हिसाचं काही नाही हो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तीन वर्षांखाली फुकट सोडतात. फक्त मुलाला गप्प बसायला शिकवून न्या.’’