न वाचता झालेली दुखापत

पुस्तकाने भावना दुखावून घ्यायच्या असतील तर आधी ते वाचावे लागते, अशी भाबडी समजूत अजून काही निवृत्त ग्रंथपालांमध्ये शिल्लक आहे. अनुभव नेमका उलटा आहे. वाचन हा रागावरचा उतारा आहे. तीनशे पानांचे पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला तिसाव्या पानावर जांभई येते, शंभराव्या पानावर लेखकाचे एखादे म्हणणे पटू लागते आणि दोनशेव्या पानावर आपण घरातून कशासाठी तणतणत निघालो होतो तेच आठवत नाही. असा माणूस मोर्चाच्या काय कामाचा? मोर्चा काढायचा तर तो मुखपृष्ठावरच निघाला पाहिजे. प्रस्तावनेपर्यंत पोहोचला की पांगलाच म्हणून समजा. शाळेच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ असे रंगवलेले असते, ते मुलांसाठी ठीक आहे. मोठ्यांच्या सार्वजनिक जीवनाचा शोध मात्र एवढाच, की वाचले नाही तर काही अडत नाही. ज्या मजकुरावरून आपण भांडतो तो मजकूर, त्यावर घातलेली बंदी आणि त्या बंदीमागचा कायदा या तिन्ही गोष्टी बिनवाचलेल्या राहूनही आपले गाडे व्यवस्थित चालते. हा आरोप वाटेल, म्हणून पुरावा देतो.

जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३ साली आले. त्यातल्या एका मजकुरावर अभ्यासकांनी आणि इतरांनी आक्षेप घेतला, आणि तो घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. प्रकाशकाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतातून पुस्तक मागे घेतले. म्हणजे दुकानात पुस्तक उरले नव्हते. त्यानंतर, ५ जानेवारी २००४ रोजी, जमाव पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर चालून गेला. संस्थेने हे पुस्तक लिहिले नव्हते, छापलेही नव्हते. लेखकाने तिचे आभार मानले होते, एवढाच तिचा गुन्हा. ‘पुस्तक वाचलेच नव्हते’ हा आरोप त्यामुळे थोडा अन्यायाचा आहे. आभाराचे पान तेवढे वाचलेले होते. कपाटे उलटली, पोथ्या आणि ग्रंथ जमिनीवर आले. याच संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ पर्यंत, सत्तेचाळीस वर्षे, शेकडो हस्तलिखिते शेजारी शेजारी मांडून कोणता श्लोक मूळचा आणि कोणता नंतर घुसवलेला याची छाननी केली होती. मजकूर वाचण्यासाठी अर्धे शतक देणाऱ्यांच्या घरात, मजकुरासाठी अर्धा तासही न देणारे घुसले. मग, हे सगळे झाल्यावर, राज्य सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. जे दुकानात नाही ते विकू नये, असा तो आदेश होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तोवर बहुतेकांना ते पुस्तक पाठ झाल्यासारखे वाटू लागले होते.

हा रोग एका धर्माचा किंवा एका पक्षाचा नाही, सर्वधर्मसमभाव इथे मात्र खरोखर पाळला जातो. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’च्या आयातीवर १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये भारताने बंदी आणली. त्या बंदीसाठी पुढाकार घेणारे खासदार सय्यद शहाबुद्दीन यांनी आपण कादंबरी वाचलेली नाही आणि वाचणारही नाही, हे वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितले होते. निदान प्रामाणिकपणा तरी होता. पण या गोष्टीचा खरा कळस पुढे आहे. एका वाचकाने या बंदीला न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा बंदीची मूळ अधिसूचनाच कोणत्याही कार्यालयाला सापडेना. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला असे गृहीत धरावे लागले, की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही. छत्तीस वर्षे एका न वाचलेल्या पुस्तकावर एक न सापडणारी बंदी होती, आणि ती सगळ्यांनी मनोभावे पाळली. निर्गुणाची उपासना आणखी वेगळी काय असते?

कायद्याचीही तीच गत. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे जुने २९५अ कलम १९२७ साली आले. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकावर राहायला गेले आहे. घर बदलले तरी अट तीच आहे: दुखावण्याचे कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेले असावे लागते. आता लेखकाचा हेतू ओळखायचा तर मजकूर वाचण्यावाचून दुसरा मार्ग नाही. म्हणजे कलम लागू करण्यासाठी वाचावे लागते, हे कळण्यासाठीही आधी कलम वाचावे लागते, आणि तिथेच घोडे अडते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली आणि त्या ओळींना ‘लाइक’ करणाऱ्या मैत्रिणीलाही झाली. त्यात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याच मेलेल्या कलमाखाली पुढे अनेक वर्षे गुन्हे दाखल होत राहिले, आणि २०२१ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले. आश्चर्य कसले? निकालही शेवटी वाचायचीच वस्तू आहे.

मोबाइलने या प्राचीन विद्येला फक्त वेग दिला. कोलंबिया विद्यापीठ आणि एका फ्रेंच संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना २०१६ साली असे आढळले, की ट्विटरवर लोकांनी पुढे पाठवलेल्या बातम्यांच्या लिंकपैकी ५९ टक्के लिंक कोणी एकदाही उघडल्या नव्हत्या. (हा आकडाही जगभर पुढे पाठवला गेला, मूळ निबंध किती जणांनी उघडला असेल, ते न विचारलेले बरे.) २०२० साली ट्विटरने एक पाटी आणली: पुढे पाठवण्याआधी लेख उघडून बघायचा आहे का? घरातल्या आजीने ‘आधी हात धुतलेस का’ म्हणावे, तसा तो प्रश्न. यापेक्षा आपली जुनी पोस्टकार्डे बरी होती. देवाच्या नावाने पत्र यायचे, तेच इतक्या जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल म्हणून. अंधश्रद्धा खरी, पण प्रत्येक पत्र हाताने उतरवावे लागे, त्यामुळे निदान दहा-वीस वेळा वाचून तरी होई. आता अंगठा लागला की झाले. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी फिरणाऱ्या भटक्या जमातीतल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी आसपासची गावे आधीच धास्तावलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. संदेश कोणी नीट वाचले नाहीत, आणि पाच माणसे वाचली नाहीत. मराठीत दोन्हीला एकच क्रियापद आहे, आणि इथे त्यावर कोटी करवत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: विषाची परीक्षा कोणी पिऊन घेते का? शहाबुद्दीन यांचा युक्तिवादही याच वळणाचा होता, की घाण ओळखायला गटारात उतरावे लागत नाही. मान्य. पण बाटलीवर विष लिहिलेले असते तेव्हा कोणीतरी ते तपासलेले असते आणि त्या तपासणीखाली त्याची सही असते. आपल्याकडे आलेल्या कात्रणाखाली ‘जसे आले तसे पुढे पाठवले’ एवढेच असते. शितावरून भाताची परीक्षा होते हेही मान्य, फक्त ते शीत त्याच भांड्यातले असले पाहिजे. आणि हा नियम बंदीविरुद्ध गळा काढणाऱ्यांनाही लागू आहे. बंदीची बातमी आली की आविष्कारस्वातंत्र्याच्या नावाने पुस्तक मागवायचे, मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा आणि ते कोऱ्या घडीचे कपाटात ठेवायचे, हीसुद्धा न वाचण्याचीच पुरोगामी शाखा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. श्रद्धा ही पुस्तकी गोष्ट नाही. कोट्यवधी भाविकांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या भावनांना किंमत नाही का? आहे, आणि म्हणूनच त्यांचे नाव पुढे करून पळवाट काढू नये. या परंपरेने मजकुराची जेवढी काळजी घेतली तेवढी आपण आपल्या एटीएमच्या पिनची घेत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये नकलाकारांनी भर घातलेली पाहून एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही लिहून ठेवली. सप्ताहात आजही अख्खा ग्रंथ ओवीओवीने वाचला जातो. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याचे निरूपण करतो. समोर बसलेल्या निरक्षर बाईने तो अभंग जितका वाचलेला असतो तितका आपण आपला घरभाडे-करारही वाचत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना न वाचणाऱ्यांत मोजण्याची कोणाची छाती आहे? नीट ऐकणे हे वाचणेच आहे. प्रश्न अक्षरांचा नाही, थांबण्याचा आहे.

तिसरा आक्षेप: वाचणारे काय शहाणे असतात? पूर्वीचा वाचता महाराष्ट्र कुठे सोवळा होता? अजिबात नव्हता. आगरकरांना उत्तर द्यायला लेखणी उचलणारे होते, तसे त्यांच्या जिवंतपणी त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढायला तिरडी उचलणारेही याच पुण्यात होते. पण तिरडीला चार खांदे लागतात, ऊन लागते, शेजारी बघतात. भरपूर वाचून खुनशी राहिलेली माणसेही जगात पुष्कळ आहेत. म्हणून वाचनाबद्दलचा आमचा दावा अगदी किरकोळ आहे: वाचन माणसाला चांगले करत नाही, फक्त उशीर करते. आणि जमावाच्या रागाला दुसरे काहीही परवडते, उशीर परवडत नाही.

तेव्हा नव्या कायद्याची मागणी आम्ही करत नाही. तोही कोणी वाचणार नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली की शेवटी ठरलेले वाक्य येते: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. या साऱ्या प्रकरणात कायद्यानेच वाचून घेतला जाणारा तेवढा एक मजकूर. त्याच्या आधी आणखी एक काम करावे. ज्या पानाने दुखापत झाली ते पान, मागचे एक आणि पुढचे एक, फिर्यादीलाच मोठ्याने वाचायला लावावे. हवालदाराने चहा मागवावा. तिसऱ्या पानापर्यंत फिर्यादी तिथेच बसलेला असेल, तर त्याची तक्रार जरूर नोंदवून घ्यावी; तो खरोखरच दुखावलेला आहे.