लिनक्सकाका

मोठ्या हाउसिंग सोसायटीत एक तरी लिनक्सकाका असतातच. निवृत्त इंजिनियर, खिशात पेनड्राइव्ह, आणि कुणाचा लॅपटॉप कुरकुरतोय हे घरमालकाच्या आधी त्यांना कळलेलं. मानधन एक कप चहा. डेबियन हे लिनक्स एरवी तासाभरात बसतं. काकांना संध्याकाळ पुरत नाही, कारण वाटेत तो प्रश्न येतो: सॉफ्टवेअर कुठल्या देशातल्या मिररवरून, म्हणजे त्याची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, आणायचं?

तुम्ही-आम्ही 'इंडिया' दाबून मोकळे होऊ. 'डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग' हा पत्ता ठेवला तर जवळचा सर्व्हर आपोआप मिळतो. पण आंबा देवगडचा की कर्नाटकचा, हे पेटी हुंगून ठरवणारी ही पिढी. आपोआपवर कशी विसंबेल? काका तैवान बघतात, जर्मनी बघतात, वेग मोजतात आणि शेवटी 'इंडिया'च दाबतात.

मग सोर्सेस डॉट लिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून आणायचं त्याची यादी. डीव्हीडीवरून इन्स्टॉल केलं की त्या फाइलीत सीडीरॉमची ओळ राहून जाते आणि पुढे काही मागायला जावं तर मशीन 'डिस्क घाला' म्हणून अडून बसतं. काका त्या ओळीआधी हॅश टाकतात. झालं. पण टाकण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना हाका मारून गोळा करतात.

बुकवर्मवर त्यांचा जरा राग आहे. डेबियनच्या २०२३च्या या आवृत्तीपासून वायफायचं फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागलं. त्याआधी ते बहुधा वेगळं आणावं लागे, आणि सोसायटीत ते फक्त काकांकडे असे!

उपदेश एकच: डेबियनच्या स्टेबल शाखेत दुसरी शाखा मिसळू नका. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं असतात. कायम अनस्टेबल असलेल्या शाखेचं नाव सिड, म्हणजे खेळणी मोडणारं ते शेजारचं कार्टं. एवढं सांगून काका स्वतःच सिडची ओळ घालतात. "एका पॅकेजपुरती हो!" ते पॅकेज जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची नवी आवृत्ती मागतं, आणि तिच्या मागोमाग अर्धं सिड घरात शिरतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचं होतं.

"झालं का हो?"

"थांबा वहिनी, डिपेंडन्सी सुटतेय."

शेवटी कॉल मोबाइलवरूनच लागला. नातू आजीला शाळेतली गंमत सांगत होता, तेवढ्यात काकांनी मान मध्ये घातली. "बाळ, तुमच्याकडे कुठला मिरर जवळ पडतो रे?"