घरचे नमुने

घरात डिझाइन शिकणारं मूल असलं की बाकीच्यांचा चेहरा त्यांच्या मालकीचा राहत नाही. आमची लेक पुण्यातच डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्रात तिला ‘कॅरेक्टर डिझाइन’ हा विषय लागला आहे. तेव्हापासून आम्ही तिचे आईबाप कमी आणि रेफरन्स जास्त आहोत. मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच आतून आरोळी येते, “बाबा, हलू नकोस! कोपर तसंच ठेव.” चहा गार होतो, कोपर अवघडतं, आणि शेवटी कळतं की तिला कोपर नकोच होतं, सदऱ्याची चुणी हवी होती.

या शास्त्राचा पहिला धडा असा, की जगातली माणसं गोल, चौकोन आणि त्रिकोण अशा तीन घराण्यांत वाटलेली असतात. गोल माणूस प्रेमळ, चौकोनी माणूस ठाम किंवा हट्टी, आणि टोकं दिसली की खलनायक समजावा. पिक्सारच्या २००९ सालच्या ‘अप’ या सिनेमात हे ढळढळीत दिसतं. हट्टी म्हातारा कार्ल डोक्यापासून चष्म्यापर्यंत चौकोनी, आणि त्याच्या गळ्यात पडलेला रसेल हा पोरगा सगळीकडून गोल. सिनेमापुरतं हे ठीक होतं. मग तिने तोच नियम नातेवाइकांना लावला. कोल्हापूरच्या आत्याबाई त्रिकोणात गेल्या. (आमच्या घराण्यात हे सगळ्यांना आधीपासून वाटत होतं, भूमितीत कुणी मांडलं नव्हतं इतकंच.) बायको ‘ऑर्गॅनिक शेप’ ठरली आणि खूश झाली, मी अर्थ विचारला तेव्हा लेकीने विषय बदलला. माझ्याकडे ती बराच वेळ डोकं तिरकं करून बघत राहिली आणि म्हणाली, “तू वरून चौकोन आहेस आणि खालून गोल. इंटरेस्टिंग आहेस.” इतकी वर्षं नोकरी केली, पण मला इंटरेस्टिंग असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर ही विद्या शाळेत आम्हाला कुणी न शिकवता येत होती. वर्गात एक बगळ्या असे, एक ढब्बू असे, एक काडेपेटी असे. एका मुलाचं सगळं अस्तित्व एका आकारात बसवायचं आणि तो आकार दहावीपर्यंत त्याच्यावरून काढायचा नाही, हे काम आम्ही चोख करत होतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला, तेव्हा त्यातल्या बगळ्याची ओळख करून द्यावी लागली नाही. तो आमच्या बाकावर बसून गेलेला होता.

अवजारांचं मात्र सगळं नवं आहे. आमच्या वेळी कॅम्लिनची पेन्सिल, खोडरबर आणि ड्रॉइंगचे सर, एवढीच सामग्री. तिच्या टेबलावर एक काळी पाटी आहे. त्या पाटीवर पेन फिरवायचं आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटायची. हात एकीकडे, डोळे भलतीकडे. सुरुवातीला ती काढायची तो गोल आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखा चाचपडत निघायचा आणि भलत्याच ठिकाणी आपटायचा. हे पेन म्हणे दाबाच्या ८१९२ पातळ्या ओळखतं. आमच्या सरांना दाबाची एकच पातळी माहीत होती, आणि ती ते कानावर वापरत.

पेनामागे असतात ब्रश. कोरडी शाई, ओली शाई, खडू, कोळसा, जलरंग, जुन्या छपाईचे ठिपके, शेकडो. ‘क्रिता’ नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, आणि फुकटातही ब्रशांची अशी रेलचेल की एक अख्खी संध्याकाळ ब्रश निवडण्यात जाते आणि जेवायच्या वेळेला कागद, म्हणजे पडदा, पांढराच असतो. हात थरथरला तर रेघ सावरून घेणारी सोयही त्यात आहे. आणि सगळ्यांत वर ‘अनडू’. बोट दाबलं की घडलेलं घडलंच नाही. १९९० साली फोटोशॉप आलं तेव्हा एकच पाऊल मागे घेता यायचं. पावलामागून पावलं मागे नेणारी ‘हिस्टरी’ १९९८च्या पाचव्या आवृत्तीत आली. चित्राचे थर वेगवेगळे ठेवणारे लेअरही आधी नव्हते, ते १९९४चे. म्हणजे त्याआधीची मंडळी पडद्यावर चित्र काढत, पण छाती कागदावर काढणाऱ्यांचीच लागत असे. माझी लेक एकाच भुवईची रेघ इतक्या वेळा मागे घेते, की त्या पात्राला मुळात राग आला होता की आश्चर्य वाटलं होतं, हे त्यालाही आठवत नसेल.

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या अनेकांप्रमाणे मीही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांमधून गेलो आहे. त्यात स्मरणचित्र नावाचा पेपर असे. बाजार, बसथांबा, नळावरची रांग असला काहीतरी विषय यायचा आणि माणसं काढावी लागायची. सगळी मुलं ती पाठमोरी काढत. चेहरा जमत नसे म्हणून पाठ. हात जमत नसत म्हणून ते खिशात किंवा पोत्याच्या आड. पावलं जमत नसत म्हणून बाजारात गुडघाभर गवत. परीक्षकांना वाटत असेल की या राज्यातली जनता परीक्षेकडे पाठ फिरवून गवतात उभी आहे.

हे मी लेकीला हसत हसत सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, “बाबा, सगळे मोठे लोक हेच करतात.” आणि तिने मला पुराव्यांसकट ऐकवलं. मिकी माउस १९२८ साली आला तो गोलांचा, कारण गोल भराभर काढता येतो. पुढच्या वर्षी त्याच्या हातात पांढरे मोजे आले, कारण काळ्या अंगावर काळे हात दिसेनात. बोटं चारच, एक बोट वाचलं की हजारो चित्रांत तेवढी मेहनत वाचते. १९८१च्या ‘डाँकी काँग’ या खेळात शिगेरू मियामोतो यांनी एक बुटका सुतार काढला, तो पुढे मारिओ झाला. मोजक्या चौकटींत केस दाखवता येईनात म्हणून त्याला टोपी, नाकाखाली तोंड दिसेना म्हणून मिशी. आता ती टोपी आणि ती मिशी हाच मारिओ. मी म्हटलं, मग आमच्या गवताला परीक्षकांनी एवढे कमी गुण का दिले? त्यावर तिचं उत्तर होतं की तुमची सगळी माणसं पाठीकडून सारखीच होती. तिथे खरी मेख आहे.

त्यांच्या मॅडम एक कसोटी लावतात. पात्र काढून झालं की ते आतून पूर्ण काळं भरून टाकायचं. नाक, डोळे, हसू, बटणं सगळं गडप. उरलेल्या सावलीवरून ते कोण आहे हे ओळखू आलं तर पात्र जमलं, नाहीतर पुन्हा बसा. ही कसोटी मला फार आवडली आणि मी ती घरी बसल्या बसल्या ओळखीच्या सगळ्यांना लावून पाहिली. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पहिल्या फटक्यात पास: धोतर, कोट, टकलाच्या कडेला उडालेले चार केस. लक्ष्मण आधी निरनिराळ्या प्रांतांची माणसं गर्दीने काढत. रोजच्या घाईत एकेक गळत गेलं आणि शेवटी हा एकटा उरला. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे. संध्याकाळी उजेड मागून आला तरी तो कोण आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. ‘टिंकल’मधला राम वाईरकरांच्या हातचा सुप्पंडीही पास. आणि या विषयात विद्यापीठात पहिला यावा असा उमेदवार म्हणजे आपला गणपती. लग्नपत्रिकेवर पिंपळाच्या पानाचा, मोरपिसाचा, नुसत्या दोन वेलांट्यांचा, कसाही काढा. छापखान्यातल्या माणसाने सोंडेची रेघ अर्धी खाल्ली तरी पत्रिका हातात घेणारा आधी कपाळाला लावतो आणि मग तारीख बघतो.

मग एका रविवारी तिने मला काळा करून दाखवला. पडद्यावर फक्त सावली होती. एक खांदा पिशवीच्या बाजूला खाली गेलेला, मान किंचित पुढे, हात मागे बांधलेले. बायकोने स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं, “हा पेन्शनच्या कामाला निघालाय.” चेहरा नव्हता, चष्मा नव्हता, तरी मी होतो. आपण आरशात रोज जो बघतो तो आपण नसतोच बहुधा. आपल्याला कधी न दिसणारी आपली ढब असते, उभं राहायची, वळून बघायची, पिशवी धरायची, आणि बाकी सगळ्या जगाला आपण म्हणजे तीच असते.

ही ढब शोधायला तिला मंडईत जावं लागलं, ती हकीकत सांगायलाच हवी. ‘बाजारातलं एक पात्र’ असा गृहपाठ होता. तिने पहिल्यांदा काढलेल्या भाजीवालीचे डोळे चेहऱ्याच्या निम्मे होते, केस जांभळे, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि पाठीला तलवार. हल्ली या वयातल्या मुलांची पहिली पात्रं थोडीफार जपानीच निघतात. लहानपणापासून पाहिलं तेच हातात उतरतं. मॅडमनी चित्र पाहून एवढंच विचारलं, “ही मेथी काय भावाने देते?” वर्ग हसला. लेक काळी पाटी घरी ठेवून, साधी वही घेऊन महात्मा फुले मंडईत निघाली, आणि स्कूटर लावायला व पिशव्या धरायला मी.

१८८६ सालची ती दगडी इमारत मी जन्मभर पाहत आलो आहे, पण तिथे काही न घेता नुसतं उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. ते सोपं नाही. मंडईत रिकामा उभा राहणारा माणूस एकतर चोर असतो नाहीतर महापालिकेचा. उंच गाळ्यावर बसलेल्या एका मावशींनी लेकीला विचारलं, “काय लिहितीस गं?” हिने वही दाखवली. मावशींनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. “काढ की. पण गिऱ्हाइकाच्या वाटंत उभी राहू नको.” मग म्हणाल्या, “आणि एवढं नाक नाही माझं.” शेजारच्या गाळ्यावरून लगेच निकाल आला, “आहे!”

लेक तिथे गोणपाटावर बसली आणि मी मागे उभा राहून पहिल्यांदाच नीट बघितलं. एक गुडघा उभा, एक मोडलेला. उभ्या गुडघ्यावर कोपर, म्हणजे हात दिवसभर अधांतरी राहत नाही. पदर खोचलेला. कोथिंबिरीवर पाणी मारताना त्या कोथिंबिरीकडे बघतच नाहीत, बघतात समोरून येणाऱ्या पिशवीकडे, भरलेली असेल तर हाक नाही, रिकामी असेल तर “या ताई.” नोटा मांडीखालच्या गोणपाटात, चिल्लर डब्यात, आणि उधारी नुसती डोक्यात. वजन करताना तराजूकडे नजर कमी, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे जास्त. लेकीने त्या दिवशी चेहरा काढलाच नाही. गुडघा काढला, कोपर काढलं, पाणी मारणारा हात वेगवेगळ्या बाजूंनी काढला. मी मात्र फुकट उभं राहणं बरं दिसेना म्हणून प्रत्येक पानामागे एक जुडी घेत गेलो. पुढे आठवडाभर आमच्याकडे मेथी होती. मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीची गोळाभाजी. कलेसाठी घरच्यांनी सोसलेल्या हालांचा इतिहास कुणी लिहिलाच तर त्यात ही नोंद यावी.

त्यानंतर ‘टर्नअराउंड’ नावाचा छळ सुरू झाला. एकच पात्र समोरून, बाजूने, पाऊण वळून आणि मागून असं ओळीत उभं करायचं, नाक-कान-कोपर एका पातळीत ठेवून. समोरून मावशी झकास. बाजूने वळवल्या की त्यांच्या धाकट्या जाऊबाई निघत, आणि पाऊण वळल्या की कुणी तिसरीच. मग आला हावभावांचा तक्ता: राग, आनंद, किळस, संशय. अ‍ॅनिमेशनवाले टेबलावर आरसा ठेवून स्वतःचं तोंड वेडंवाकडं करून बघतात, त्यांच्या धंद्यात हे रीतसर आहे. आमच्याकडे ते काम रात्री न्हाणीघरातल्या आरशापुढे चालतं. पाणी प्यायला उठलेल्या माणसाला दार अर्धवट उघडं दिसतं आणि आत आपलीच मुलगी दात विचकून आरशाचा धिक्कार करत असते. सवय होते.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा आता एकच प्रश्न विचारतो: “पण हे सगळं आता एआयच काढून देतं ना?” एका मामेभावाने तर चहा येईपर्यंत फोनवर पुण्याच्या भाजीवालीची चार चित्रं काढून दाखवली. सुंदर होती. साड्या कडक इस्त्रीच्या, नखं स्वच्छ, टोमॅटो सगळे एका मापाचे. लेकीने नीट पाहिली, हसली, काही बोलली नाही. बायकोने पाहिली आणि विचारलं, “यांचे सुटे पैसे कुठे आहेत?” मामेभावाने यंत्राला सुटे पैसे सांगितले. यंत्राने टोपलीत वांग्यांच्या शेजारी नाण्यांची रास ओतली. चूक यंत्राची नाही. कुठे काय ठेवायचं हे ते जाणणार कसं? कुणीतरी त्या गोणपाटाशेजारी बसून बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि बसायला अजून माणूसच लागतो. लेकीच्या पोटापाण्याचं पुढे काय होईल हे मला सांगता येणार नाही, पण तिच्या मावशी त्या चौघींपेक्षा उजव्या आहेत, आणि हे मी तिचा बाप म्हणून म्हणत नाही. मी मंडईत उभा होतो म्हणून म्हणतो.

तेव्हा मंडळी, एक विनंती आहे. स्वारगेटला, लोकलमध्ये, अमृततुल्यात किंवा बँकेच्या रांगेत एखादी मुलगी किंवा मुलगा तुमच्याकडे टक लावून बघतो आहे आणि खाली मान घालून वहीत काही करतो आहे असं दिसलं, तर रागावू नका, पोलिसांना बोलावू नका. केसांवरून हात फिरवू नका, चष्मा काढून ठेवू नका, आणि पोट तर अजिबात आत घेऊ नका. जसे बसला आहात तसेच बसा. चित्र बघायला मागितलंत तर ती पोरं दाखवतात. त्यात नाक मोठं वाटलं, तर शेजारच्याला एकदा विचारून घ्या.