नव्वद किलोमीटरचं दळण

सायकलवरून मी पहिल्यांदा पडलो तो थांबलेला असताना. चारकोप नाक्याच्या सिग्नलला ब्रेक लावला, लाल दिव्याकडे बघत भारदस्तपणे उभा राहिलो, आणि बूट पेडलमध्ये अडकवलेले आहेत हे आठवेपर्यंत उजवीकडे कलंडलो होतो. सावकाश, जुनं कपाट कलंडतं तसा. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, “काका, स्टँड लावायचं राहिलं.”

सायकलला स्टँडच नाही. एवढ्या पैशात स्टँडसुद्धा देत नाहीत हे मला दुकानातच खटकलं होतं. पण विकणारा पोरगा “वजन वाढतं, सर” म्हणाला आणि मी जाणकारासारखी मान डोलावली. सायकल नऊ किलोची, मी चौऱ्याऐंशीचा. तरी स्टँडचं पावशेर वाचलं याचं मला मनापासून समाधान वाटलं होतं.

हे सगळं गोव्याच्या स्पर्धेसाठी. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं, आणि सगळं साडेआठ तासांत उरकायचं. मैलांत त्याची बेरीज ७०.३ होते, म्हणून स्पर्धेचं नावच ‘आयर्नमन ७०.३’. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “सत्तर पॉइंट तीन? वा, फर्स्ट क्लास आहे की!” ही म्हणजे अर्धी. पूर्ण आयर्नमन याच्या दुप्पट. ती १९७८ साली हवाईत सुरू झाली, तीही एका वादातून. पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा, यांत खरा दमाचा कोण? आपल्याकडे असले वाद दुसऱ्या चहाबरोबर संपतात. तिथे नौदलातल्या एका अधिकाऱ्यानं तो मनावर घेतला. पंधरा जण उतरले, बारा जण शेवटपर्यंत पोचले, आणि जगभरच्या मध्यमवयीन पुरुषांच्या डोक्याला कायमचं काम लागलं.

माझ्या डोक्यात हे मिलिंद सोमणमुळे शिरलं. २०१५ साली झुरिकला त्यानं पूर्ण आयर्नमन १५ तास १९ मिनिटांत संपवली, तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. मी सत्तेचाळीस. दोन वर्षं हातात आहेत, असं मी हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “म्हणजे तुमच्या दोघांत आता फक्त वयाचा फरक राहिलाय तर.”

रविवारची लाँग राइड पहाटे साडेचारला. लिंक रोडवरून बोरिवली, दहिसर, काशिमिरा, खाडीवरचा वर्सोवा पूल, वसई फाटा, विरार फाटा आणि पुढे मीटर ४५ म्हणेल तिथे वळायचं. मीटर म्हणजे हँडलवरचा छोटा काँप्युटर. घरातल्या कोणाहीपेक्षा मी त्याचं जास्त ऐकतो. एकदा घराच्या कोपऱ्यावर आलो आणि मीटरनं ८९.३ दाखवले. ८९.३! मोबाइलवर लोकांना दिसणार ८९.३. पाय लाकडासारखे झाले होते, तरी वळलो आणि सेक्टरच्या बागेभोवती फेऱ्या सुरू केल्या. दुसऱ्या फेरीला भाजीवाल्या मावशींनी बघितलं. चौथ्या फेरीला त्यांनी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारायचं थांबवलं. पाचव्या फेरीला म्हणाल्या, “साहेब, वटपौर्णिमा पुढच्या आठवड्यात हाय.”

वाटेत हिचे फोन. वसईला एक, विरारला एक. जर्सीच्या मागच्या खिशात थरथर झाली की सरासरी वेग कमी होणार म्हणून मी फोन घ्यायचो नाही. डोळ्यांसमोर असायचे ते जुने सायकलवीर. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. निघाले सहा, फेरी पुरी करून १९२८ मध्ये परतले तिघे: अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा. वाळवंटं ओलांडली त्यांनी. त्यांच्या घरच्यांनी ती साडेचार वर्षं कशी काढली असतील, हा विचार मला कधी शिवला नव्हता. मग जूनच्या अखेरीस एका पहाटे वर्सोवा पुलाच्या अलीकडे पाण्यानं भरलेला खड्डा मी डबकं समजलो. पुढचं चाक आत गेलं, मी हँडलवरून बाहेर आलो, आणि मागून येणाऱ्या कंटेनरनं ब्रेक लावले. लागले, इतकंच. ड्रायव्हर उतरला. शिवी देईल असं वाटलं, पण त्यानं मला हात धरून कडेला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “घर में कौन कौन है?” मी बसल्या बसल्या फोन काढला. तीन मिस्ड कॉल होते. मी हिला सांगितलं, पंक्चर झालंय. ती म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये तिला सगळं कळलेलं होतं.

पावसाळाभर सायकल घरातच चालवायची असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं.

त्यासाठी ट्रेनर घेतला. मागचं चाक उचलून एका लोखंडी रोलरला टेकवायचं आणि खोलीतल्या खोलीत विरार गाठायचं. आता चारकोपचं घर. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडानं इथे जमिनीचे तुकडे पाडून दिले, पंचवीस-पंचवीस चौरस मीटरचे, चौकाभोवती पस्तीस कुटुंबांची एक सोसायटी करून. घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. आमच्या वडिलांची ऐपत एका भिंतीपुरती कमी पडली, म्हणून शेजारच्या काकूंची आणि आमची भिंत एकच. पहिल्या पहाटे पाच वाजता पेडल मारायला लागलो आणि ती भिंत गुणगुणायला लागली. वीस मिनिटांनी दार वाजलं. काकू उभ्या होत्या, कडेवर पितळी डबा.

“गहू आहेत चार किलो,” म्हणाल्या. “जाडसर नको.”

इथे गिरणीबद्दल थोडं बोललंच पाहिजे. सायकलीशी त्याचा संबंध नाही, पण काकूंचे यजमान बत्तीस वर्षं आमच्या सेक्टरची गिरणी चालवायचे आणि माझ्या लहानपणी जगातली सर्वांत सत्ताधारी व्यक्ती तेच होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकातले केसही पांढरे. रविवारी अंघोळ करून बाहेर पडले की ओळखू यायचे नाहीत. दळण घेऊन गेलं की पहिला प्रश्न आपण विचारायचा: “आधी कोणाचं होतं?” ज्वारीमागून गहू टाकले तर पोळ्या फाटतात. डाळीमागून टाकले तर आठवडाभर पोळीला बेसनाचा वास. उपासाचा शिंगाडा नि राजगिरा गव्हावर टाकला तर एकादशी बुडाली आणि पाप गिरणीवाल्याच्या माथी. म्हणून काका मनात एक रांग लावायचे. ती डब्यांच्या रांगेपेक्षा वेगळी असायची, आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. भाजणी आली की ते गप्प व्हायचे. भाजणी फक्त वासावरून दळायची असते म्हणे. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीला थापट्या मारायचे, खाली पडणाऱ्या पिठात हात घालायचे, आणि आंगठा-तर्जनीत चिमूट चोळून दगड पाव आटा आवळायचे. डबा घेताना हमखास दटावायचे, “झाकण लगेच लावू नको. पीठ गरम आहे, घाम फुटतो.” महिन्याकाठी एक दुपार दगड उलटा करून छिन्नीनं टकटक टाकी लावायचे. त्यानंतरचं पहिलं दळण कोणाचं घेत नसत. पहिल्या पिठात दगडाची कचकच येते. आधी मूठ-दोन मूठ खराब धान्य घालून ते फेकून द्यायचे, मग गिऱ्हाईक. मला अजून वाटतं की निम्म्या चारकोपची हाडं त्या माणसानं दळलेल्या पिठाची आहेत. गिरणीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

असो. काकूंना मी आत बोलावलं, ट्रेनर दाखवला, बिब शॉर्ट्समध्ये उभा राहून आयर्नमन म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खाली वाकून चाकाखालच्या लादीवरून बोट फिरवलं. रोलरवर घासून टायरची काळी भुकटी पडते, ती बोटावर घेऊन चिमटीत चोळली.

“हे काय मग? दळतोयस आणि म्हणतोस दळत नाही. बारीक आहे पण.”

दुसऱ्या दिवसापासून भिंतीतून कोचिंग सुरू झालं. मिनिटाला ८५ ते ९० फेऱ्या, असं माझ्या विकतच्या वेळापत्रकात होतं. पाऊण तासानं पाय जड व्हायचे, फेऱ्या सत्तरवर यायच्या, आवाज खाली उतरायचा, आणि भिंतीवर धप्प. “पट्टा सैल झालाय रे!” मी खोटंच पाणी प्यायला थांबलो की धप्प, धप्प. “लाइट गेली का?” महिन्याला पैसे घेणारा माझा ऑनलाइन कोच आठवड्याला एकदा अंगठा दाखवायचा. काकूंना मीटर लागत नव्हता. त्या आवाजावरून सांगायच्या, “आज सुरुवातीला घाई केलीस.” आणि खरंच केलेली असायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी चहाला बसल्या असताना मी त्यांना त्रास होतो का विचारलं. उत्तर दिलं नाही. बशीत चहा ओतून म्हणाल्या, “शेवटच्या आजारात हे रात्री उठून बसायचे. गिरणी बंद केली का विचारायचे. मी हो म्हटलं की पडायचे. खोकला होताच, पीठ छातीत बसलेलं. गिरणी विकून वर्ष झालं होतं तेव्हा.” मग म्हणाल्या, “नंतर फार गप्प झालं घर.” आणि चहा संपवून गेल्या.

त्या गेल्यावर मला तो पितळी डबा आठवला. बत्तीस वर्षं दिवसाचे बारा तास गिरणी ऐकलेली बाई. ट्रेनरचा आवाज आणि गिरणीचा आवाज तिला वेगळा ओळखू आला नसेल? चार किलो गहू घेऊन आली होती पहाटे साडेपाचला. मी मात्र त्या दिवसापासून ऑफिसात हा किस्सा विनोद म्हणून सांगत होतो, आणि हशा मिळाला की बिब शॉर्ट्सचा भाग पुन्हा सांगत होतो.

सप्टेंबरात काकू लेकीकडे डोंबिवलीला गेल्या, गौरी-गणपतीला म्हणून, आणि राहिल्या तीन आठवडे. पहिल्या दिवशी मी वेळेवर सुरू झालो. अर्ध्या तासानं फेऱ्या सत्तरवर आल्या. भिंत गप्प. पासष्टवर आल्या. तरी गप्प. उतरलो, चहा केला. मग मोदक होते, प्रसाद होता, उकडीचे सकाळी गरम करून खाल्ले तर वेगळे लागतात हा शोध होता. कोचला मी कळवलं की शरीराला विश्रांती देतोय. त्यानं अंगठा दाखवला.

काकू परतल्या त्या संध्याकाळी मी दारातच होतो. पिशवी खाली ठेवून त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

“काय रे, गिरणी बंद ठेवली होतीस वाटतं?”

“छे! तुम्ही डोंबिवलीला होतात, तुम्हाला काय माहीत?”

“पोट दिसतंय की इथून.” कुलूप उघडता उघडता त्या थांबल्या. “गोव्याला कधी जायचंय?”

“पाच आठवडे आहेत.”

“मग उद्या पाचला सुरू कर. आणि पहिला अर्धा तास धरायचा नाही. टाकी लावल्यावर पहिलं पीठ फेकूनच द्यायचं असतं.”